पाटी लावली म्हणून जबाबदारी टळत नाही

काजव्यांचा हंगाम आला की अकोले तालुक्यात भंडारदरा-रतनवाडीच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागते. हॉटेलांची आवारं भरतात, मोकळ्या वावरांचे वाहनतळ होतात. फाटकाशी उभा पोरगा पैसे घेतो, हातात चिठोरं देतो. त्यावर पाटीवरचीच ओळ छापलेली : ‘वाहने मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत.’ रात्रीतून कुणी काच फोडली, दारावर खिळ्याने चरे ओढले, तर बोट त्याच पाटीकडे जातं आणि गाडीवाला मुकाट्याने घरी येतो. त्याने मुकाट बसू नये, असं माझं ठाम म्हणणं आहे.

म्हणतात, अट आधीच सांगितली होती, पटत नसेल तर गाडी लावायची नव्हती. हा बचाव थेट सर्वोच्च न्यायालयात पडला आहे. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात एका पाहुण्याने आपली मारुती झेन किल्लीसकट हॉटेलच्या माणसाच्या हवाली केली. परत येऊन पाहतो तर गाडी दुसऱ्यानेच पळवलेली. जबाबदारी झटकणारी ओळ त्याही चिठ्ठीवर होती. १४ नोव्हेंबर २०१९ ला न्यायालयाने सांगितलं की किल्ली घेतली म्हणजे गाडी ताब्यात घेतली. पुरेशी काळजी घेतली होती, हे हॉटेलनेच सिद्ध करायचं. आपल्या निष्काळजीपणावर छापील ओळीचं पांघरूण घालता येणार नाही. यात नवं काही नव्हतं. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूला जितका जपेल तितकं सांभाळायला घेतलेल्या वस्तूला जपावं, हे १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतंच. ते चोरीला लागू, तसंच तोडफोडीलाही.

‘फोडली गुंडांनी, आम्ही का भरायचं?’ गुंडासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ आहे. नुकसान लाखाच्या वर गेलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. पण गुंडाचा गुन्हा वेगळा आणि पैसे घेऊन गाड्या रात्रभर अंधारात, राखणदाराविना सोडून देणाऱ्याची कसूर वेगळी. भरपाई मागायची ती या कसुरीची.

‘विमा आहे ना?’ नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या काचेला दमडी मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी दावा केला की नो क्लेम बोनस जातो. ताजच्या खटल्यात विमा कंपनीने मालकाला २ लाख ८० हजार रुपये दिले आणि ते वसूल करायला तीच हॉटेलविरुद्ध उभी राहिली.

एका आक्षेपाला मात्र वजन आहे. डोंगरातला छोटा हॉटेलवाला, दोन महिन्यांच्या हंगामावर वर्ष काढणारा शेतकरी अशा दाव्यांनी बुडेल, ही भीती खरी आहे. पण काहीही झालं तरी हॉटेलनेच भरावं, असं न्यायालय म्हणालेलंच नाही. काळजी घेतल्याचं दाखवता आलं की हॉटेलवाला सुटतो. फाटकाशी दिवा, रात्री जागा माणूस, गाडीचा नंबर आणि वेळ लिहिलेली वही एवढं तर वावराच्या मालकालाही जमतं. चहाच्या टपरीपुढे कुणी फुकट गाडी लावली, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, तर टपरीवाल्याकडे भरपाई मागणं अन्यायच.

खरा वाद मधल्या प्रकारात आहे : पैसे घेतले, किल्ली गाडीवाल्याकडेच राहिली. दिल्लीचा निकाल इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तरी माझ्या मते पैसे घेतले तिथेच सेवा सुरू झाली, आणि सेवेतल्या त्रुटीसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्याखाली दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुंबईकराला त्यासाठी अहिल्यानगरला खेपा घालाव्या लागत नाहीत.

म्हणून काच फुटलेली दिसली की गाडी हलवण्याआधी फोटो काढा, अंधाऱ्या आवाराचाही काढा, पावती जपून ठेवा आणि तिथल्या राजूर पोलीस ठाण्यात रीतसर फिर्याद द्या.