मारुती कांबळे आणि नाबोथ



गेल्या महिन्यात तरुण संघाने चर्चच्या हॉलमध्ये 'सामना' दाखवायचे ठरवले, तेव्हा काही वडीलजनांनी हरकत घेतली. त्यात दारू आहे, देवाचे नाव कुठेच नाही, असे त्यांचे म्हणणे. दारूबद्दल ते खरे बोलले. तरी आम्ही चित्रपट दाखवला, आणि आपल्या मंडळीने तो पाहायलाच हवा होता असे आम्हांला वाटते.

विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. एक दारुडा मास्तर (श्रीराम लागू) त्याच्या आश्रयाला येतो. हिंदुराव त्याला खाऊपिऊ घालतो. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते, आणि या माणसाचे झाले काय, एवढेच तो विचारत सुटतो. ज्याच्या घरचे अन्न खातो, त्यालाच विचारतो. आम्हांला सर्वांत जड गेले ते हेच.

1 राजे 21 पुन्हा काढून वाचा. नाबोथाने वाडवडिलांचा द्राक्षमळा द्यायला नकार दिला. ईजबेलीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, शिक्का मारला आणि ती त्याच्या गावच्या वडीलजनांना पाठवली. त्यांनी उपासाचा दिवस जाहीर केला, दोन खोटे साक्षीदार बसवले आणि नाबोथाला दगडमार झाला. म्हणजे खुनाची सुरुवात उपासाने झाली! आपण नेहमी अहाब आणि ईजबेलीवर बोलतो. पत्र हाती आल्यावर ते फाडून टाकणारा एकही वडील त्या गावात निघाला नाही, यावर उपदेश आम्ही तरी ऐकलेला नाही.

आपल्या बुऱ्हाणपुरालाही हे नवे नाही. 1622 साली जहांगीराचा थोरला मुलगा खुसरो इथेच, धाकटा भाऊ खुर्रम याच्या ताब्यात असताना मेला. पोटशूळाने गेला, असे बापाला कळवण्यात आले. खुर्रमनेच त्याला मारवले, असे बहुतेक इतिहासकार मानतात. तोच पुढे शाहजहान झाला. मुमताजची पहिली कबर पाहायला लोक आपल्या गावी येतात. खुसरोबद्दल कोणी विचारत नाही. काइनाला मात्र खुनानंतर देवाने पहिलाच प्रश्न भावाबद्दल केला होता.

आता आपले घरचे. दहा वर्षांपूर्वी आपल्या मंडळीतला एक भाऊ यंत्रमागावर कामाला असताना विजेचा धक्का लागून गेला. आपण गीते गायली, प्रार्थना केली, मातीला गेलो. वायरिंग कसे होते, घरच्यांना काय मिळाले, हे आपल्यापैकी कोणी मालकाला विचारले नाही. त्याच वर्षी नाताळात मालकाने हॉलला सहा पंखे दिले. आपण आभाराचा ठराव केला. लिहिणारे आम्हीच होतो.

'सामना' त्याच पंख्यांखाली पाहिला. त्या भावाची पत्नी मागच्या रांगेत बसली होती. संपल्यावर चहाला न थांबता ती निघून गेली. येत्या रविवारी उपासनेनंतर आम्ही तिघे तिच्या घरी जाणार आहोत. पाळकसाहेबांना कळवले आहे. आणखी कोणाला यायचे असेल त्यांनी फाटकापाशी थांबावे.