ठमीची चोच आणि आमचं फरशीचं अंगण



वासोणा म्हटलं की सिल्वासात येणाऱ्या पाहुण्यांना सिंह आठवतात. मुंबईहून कुणी आलं की आम्हीही त्यांना सफारी दाखवून आणतो. पण आमच्या घरात वासोणा म्हणजे ठमी. ठमी ही आमची कोंबडी.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे कामाला येणाऱ्या वासोण्याच्या मावशींनी नातीच्या वाढदिवसाला एक तांबूस तलंग आणून दिली. ती पाळायला दिली होती की रस्सा करायला, हे मला आजही नक्की ठाऊक नाही. नातीने तिचं नाव ठमी ठेवलं आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

गेल्या दिवाळीच्या सुमारास लक्षात आलं की ठमी दाण्यांवर टोची मारते, पण तोंडात काही जात नाही. दाणे वाटीबाहेर उडतात. नीट पाहिलं तर वरची चोच पोपटासारखी खाली वळलेली. उचलून घेतली तर छातीचं हाड हाताला धारदार लागलं. म्हणजे बाईसाहेब किती दिवस अर्धपोटी होत्या कोण जाणे!

मग सल्ले सुरू झाले. पोल्ट्री असलेले एक नातेवाईक म्हणाले, "मशीनवर उडवून टाकू." चिरंजीव म्हणाले, "बाबा, नेलकटर घ्या, दोन मिनिटांचं काम." मी नेलकटर घेतला. एकदाच काय तो कापावा म्हणून अंमळ जास्तच आत घेतला. ठमी किंचाळली आणि चोचीतून रक्त आलं. नातीने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पस्तीस वर्षं बँकेत लोकांना हप्त्याहप्त्याने फेडायला सांगितलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा सगळं एकरकमी करायला गेलो.

पशुवैद्य डॉक्टरांनी रक्त थांबवलं आणि समजावूनही सांगितलं. ते सर्वांच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहितो.

चोच म्हणजे नुसतं नख नव्हे. आत हाड असतं, त्यावर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला जिवंत थर, आणि सगळ्यांत वर नखासारखं कठीण आवरण. हे आवरण जन्मभर वाढत राहतं. आपण कापायचं ते फक्त टोकाचं निर्जीव. वरची चोच खालच्या चोचीपेक्षा जराशी पुढे असतेच, ती पार बरोबरीला आणायची नाही. फिकट चोचीमागे मोबाईलची बॅटरी धरली तर जिवंत भागाची गुलाबी कड दिसते. काळ्या चोचीत ती दिसत नाही, तिथे कात्रीचं नावच काढू नये.

आता आमची पद्धत सांगतो. दिवेलागणीला कोंबडी शांत असते, तेव्हा तिला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची. पंख आवळून धरले तरी छाती दाबायची नाही. कोंबडीला श्वास घ्यायला छातीचं हाड हलावं लागतं, घट्ट धरलं तर ती गुदमरते. चोचीवरच्या नाकपुड्याही मोकळ्या ठेवायच्या. मग नखं घासायची साधी कानस घेऊन टोक हळूहळू घासायचं. चारपाच वेळा घासलं की थांबून बघायचं. एका बैठकीत थोडंच, उरलेलं आठवड्याने. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ फडक्याने दोनचार मिनिटं दाबून धरायचं. थांबलं नाही तर सरळ डॉक्टर. तोवर खाणं खोल भांड्यात, ओलसर करून द्यायचं, म्हणजे तिला नुसतं टोकाने टिपावं लागत नाही. आणि शेवटी आपले हात साबणाने धुवायचे. हे नातवंडांना विशेष सांगा.

मात्र चोच कैचीसारखी एकमेकींवरून गेलेली असेल, तडकली असेल, किंवा पक्षी मलूल असेल, तर घरी हात लावू नका. चोच वाढण्यामागे कधी यकृताचा आजार असतो, कधी जुनी इजा. तिथे कानस काय करणार?

आता त्या मशीनबद्दल. पिंजऱ्यात दाटीने ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचून जखमी करतात, म्हणून अंड्यांच्या पोल्ट्रीत पिल्लं लहान असतानाच तापलेल्या पात्याने चोचीचं टोक उडवतात. तो धंद्याचा हिशेब आहे आणि त्यावरही जगभर वाद आहे. पण मोठ्या झालेल्या, अंगणात एकट्या फिरणाऱ्या ठमीला तो इलाज कशाला? चोच हाच तिचा हात, तिची बोटं. दाणा कोणता आणि खडा कोणता हे तिला त्या टोकानेच कळतं. मुक्या जनावराला विनाकारण वेदना देणं हा आपल्याकडे १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे, पण इथे कायद्यापर्यंत जायचीही गरज पडू नये.

खरी गोष्ट पुढेच आहे. मावशींना सगळं सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "तिला भुईच नाय बाबा, चोच झिजल कशी?"

आणि मंडळी, तेच खरं होतं! वासोण्याला त्यांच्या दारात कोंबड्या दिवसभर मुरूम उकरतात, दगडावर चोच घासतात, शेणाच्या ढिगात किडे शोधतात. तिथे कुणाच्या हातात कानस दिसत नाही. आमच्याकडे चिखल नको म्हणून आधी फरशी आली, मग पेव्हर ब्लॉक. ठमीला वाटीत तयार खाद्य, खाली गुळगुळीत फरशी. चोच वाढणार नाही तर काय होणार? मी १९८९ साली बदली होऊन इथे आलो तेव्हा आमच्याही दारात लाल माती होती. ती आम्हीच झाकली.

माझं मत स्पष्ट आहे. चोच घासणं हा तात्पुरता उपाय. ज्याला कोंबडी पाळायची हौस आहे त्याने आधी तिला हातभर तरी उघडी जमीन द्यावी. आम्ही कोपऱ्यातले बारा ब्लॉक उखडले, खाली खडी-मुरूम टाकला आणि एक खरबरीत चपटा दगड ठेवला. खाद्य त्या दगडावर टाकतो. हिने आधी कुरकुर केली, "अंगण कसं दिसतंय!" पण आता दुपारच्या चहाला तीच तिथे खुर्ची टाकून बसते.

ठमी भरली आहे. दोन महिन्यांत कानस एकदाच लागली, तीही नातीने धरली. मला अजून टॉवेल धरायचंच काम आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी कोंबड्या होत्या? आजीच्या खुराड्यात कुणाची चोच वाढलेली आठवते का? मला तर आठवत नाही. जरूर लिहा.