दाव्याला बांधलेला कॅमेरा

स्टुडिओत फोटो काढताना कॅमेरा लॅपटॉपला वायरने जोडावा की नाही, ह्यावर दोन शहाणी माणसं तावातावाने भांडू शकतात हे मला फोटोग्राफर मित्रांच्या नादी लागल्यावर कळलं. आमच्याकडे कोडमध्ये टॅब वापरावा की स्पेस ह्यावरून होतात ना, तशीच ही भांडणं. माझं मत आधीच सांगून टाकतो: जोडावा. आणि त्याचं कारण तंत्रापेक्षा माणसांशी जास्त संबंधित आहे.

ह्या प्रकाराला टेदरिंग म्हणतात. (मोबाईलचं नेट लॅपटॉपला देतो ते नव्हे, हे वेगळं.) टेदर म्हणजे सरळ मराठीत दावं. गाय खुंट्याला बांधतात तसा कॅमेरा लॅपटॉपला बांधायचा. बटण दाबलं की दोन-तीन सेकंदांत फोटो मोठ्या स्क्रीनवर हजर. कल्पना नवी मुळीच नाही. फिल्मच्या काळात स्टुडिओवाले आधी पोलरॉइडवर एक फोटो काढून प्रकाश तपासायचे आणि मगच खरी फिल्म खर्ची घालायचे. १९९१ साली आलेला कोडॅकचा डीसीएस १०० तर जन्मतःच दाव्याला होता. कॅमेरा हातात, आणि फोटो साठवायची २०० एमबीची डिस्क असलेली पेटी वायरने जोडून खांद्याला!

आज हे फार खर्चिकही नाही. कॅनन, निकॉन, सोनी तिघांचीही त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात (निकॉनचं फुकटवालं २०२१ मध्ये आलं), आणि आपल्यासारख्या लिनक्सवाल्यांसाठी डार्कटेबल आहेच. आपला कॅमेरा त्यांच्या यादीत आहे ना, एवढं आधी बघून घ्यायचं. मग लोक टाळतात का? एक म्हणजे वायर पायात येते. ती चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा, प्रश्न मिटला. दुसरं आणि खरं कारण वेगळंच असतं: "गिऱ्हाईकाला स्क्रीन दिसली की ते डोक्यावर बसतं."

इथेच माझं मित्रांशी पटत नाही.

पैठणीचं उदाहरण घ्या. तिच्यातल्या धूपछांव प्रकारात ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा. त्यामुळे प्रकाशाचा कोन जरा बदलला की साडीचा रंगच बदलतो. त्यात जर चमकली की तिथलं सगळं नक्षीकाम पांढरं फटक. कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची स्क्रीनवर ह्यातलं काय कळणार? सगळंच छान दिसतं तिथे. मी ज्या मित्राला शनिवार-रविवारी लाइटं उचलायला मदत करतो, त्याच्याकडे येवल्याचे एक विणकर काका साड्या घेऊन आले होते. लॅपटॉपवर दुसराच फोटो उमटला आणि काका म्हणाले, "दादा, हा रंग आमचा नाही. आमची वांगी आहे, ही जांभळी झाली." मित्राने बाजूचा लाइट थोडा मागे घेतला, ग्रे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स पुन्हा केला. पाच मिनिटांचं काम.

हेच आठवड्याने कळलं असतं तर? साड्या परत येवल्याला गेलेल्या, फोटो वेबसाइटवर चढलेले, आणि "फोटोतला रंग वेगळा होता" म्हणून साडी परत आली की भुर्दंड काकांना. महिना-महिना मागावर बसून विणलेली साडी! आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून शिकवतात की बग जितका उशिरा सापडेल तितका महाग पडतो. पण कोणाला महाग पडतो, हे कोणी शिकवत नाही. स्टुडिओत तो बहुतेक वेळा फोटोग्राफरला पडतच नाही.

आता लॅपटॉपची स्क्रीन तरी खरं बोलते का? स्वस्त लॅपटॉप रंगांच्या बाबतीत बेलाशक खोटं बोलतात, बाजूने पाहिलं तर अजूनच. म्हणून स्क्रीन कॅलिब्रेट करून घ्यायची, नाइट मोड बंद ठेवायचा, आणि खरी साडी शेजारी धरून समोरूनच बघायचं. गिऱ्हाईक पुढे मोबाईलवर काय बघेल ते आपल्या हातात नाही. निदान आपली फाइल तरी प्रामाणिक असू दे.

ढवळाढवळीची भीती मात्र अगदीच खोटी नाही. सहा माणसं लॅपटॉपभोवती जमली की सहा दिग्दर्शक तयार होतात. त्यावर उपाय सोपा: प्रकाश बसेपर्यंत स्क्रीन आपल्याकडे, मग वळवायची, आणि बोलायचं एकानेच, ज्याला माल माहीत आहे त्याने. आणि माणसांचे फोटो असतील तर माझंही मत बदलतं. बुजरा माणूस दर फोटोला स्वतःचा चेहरा बघायला लागला की आखडतो. तिथे स्क्रीन खुशाल भिंतीकडे फिरवा आणि शेवटी दाखवा.

पण वस्तूंच्या बाबतीत "गिऱ्हाईकाला काय कळतं" हे मला मान्य नाही. एक्स्पोजर आपल्याला कळतं, पण वांगी रंग त्यांना कळतो. दोघांनाही एकाच वेळी एकच फोटो दिसावा एवढंच ती पाच मीटरची वायर करते.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरचं कोणी साड्या, दागिने, मातीची भांडी असं काही विकत असेल आणि फोटो काढून घ्यायला निघालं असेल, तर दर ठरवण्याआधी फोटोग्राफरला एक प्रश्न जरूर विचारायला सांगा: "फोटो काढतानाच मोठ्या स्क्रीनवर बघायला मिळतील ना?"