पद्मिनी सगळ्यांना आठवते, ११८ एनई कुणालाच नाही. असं का?

दर दोन-तीन महिन्यांनी आपल्या उपनगरातल्या ग्रुपवर तोच फोटो फिरत येतो. काळी-पिवळी पद्मिनी, टपावर कॅरिअर, बाहेरच्या बाजूला लोखंडी मीटर. खाली रडक्या इमोजींची रांग. बेस्टची शेवटची डिझेल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ ला गेली, पाठोपाठ ३० ऑक्टोबरपासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली. तेव्हापासून तर या फोटोंना ऊतच आलाय.

रडायला माझी हरकत नाही. पण एक प्रश्न विचारतो. पद्मिनी बनवणाऱ्या त्याच कंपनीने पद्मिनीपेक्षा चांगली गाडी आणली होती. प्रीमियर ११८ एनई. तिचा फोटो कधी आला का तुमच्या ग्रुपवर? नाही ना? चांगली गाडी विसरली गेली आणि जुनाट गाडी अजरामर झाली, यात आपल्या शहरासाठी एक धडा आहे. म्हणून हा प्रपंच. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी इतिहास थोडक्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला डॉज, प्लिमथ या अमेरिकन गाड्या आणि फार्गो ट्रक. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० आली. १९६४ पासून तिचं 'डिलाइट' मॉडेल. फियाटचं नाव वापरायचा करार संपला तेव्हा तीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. चितोडच्या राणीचं नाव दिलं, पण लोकांनी ते मनावर घेतलं नाही. आपल्याकडे शेवटपर्यंत ती 'फियाट'च राहिली.

आता लक्षात घ्या, इटलीत ही ११०० मालिका १९६९ मध्येच बंद झाली. आपण ती पुढे तीस वर्षं ओढली. इंजिन १०८९ सीसी, ताकद जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर. गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. घाटात दम लागायचा, मे महिन्यात सायन सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये बॉनेट उघडं टाकून पाणी ओतणारे ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिलेत. स्टीअरिंग फिरवायला दंडात जोर लागायचा. तरी बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, कारण पर्याय काय होता? ही, अँबॅसिडर, नाहीतर स्टँडर्ड. दारात गिऱ्हाइकांची रांग उभी असेल तर कंपनी गाडी सुधारेल कशाला? आज पद्मिनीचे गोडवे गाताना हे विसरू नका. ती आपली आवड कमी आणि नाइलाज जास्त होता.

मग १९८५ मध्ये आली ११८ एनई. हिचं मूळसुद्धा इटलीचंच. फियाट १२४, जन्म १९६६, १९६७ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर'. स्पेनमधली सेआत कंपनी ही गाडी बनवायची. तिथलं उत्पादन थांबल्यावर तिथली साधनसामग्री प्रीमियरने घेतली आणि त्यात जपानच्या निसानचं ११७१ सीसीचं इंजिन बसवलं. एनई म्हणजे निसान इंजिन. सुमारे बावन्न हॉर्सपॉवर. गिअर खाली, दोन सीटच्या मध्ये. पुढे सलग बाकड्याऐवजी वेगळ्या सीट. मागे कॉइल स्प्रिंगा, त्यामुळे पाठीला आराम. पाहिजे तर एसी. चौकोनी, आडवीतिडवी, साहेबी गाडी. ज्या काळात स्कूटर म्हणजे सुखवस्तू घर, त्या काळात ११८ एनई म्हणजे कंपनीचे मॅनेजर, डॉक्टर, बिल्डर, सरकारी वरचे अधिकारी.

कागदावर तुलना केली तर सामना एकतर्फी आहे. इंजिन, बसायची जागा, गिअर, हायवेवरचा वेग, सगळ्यात नवी गाडी पुढे. तरी २००० च्या आसपास दोघींचं उत्पादन जवळपास एकाच वेळी संपलं. म्हणजे धाकटीला थोरलीपेक्षा एक दिवसही जास्त मिळाला नाही म्हणा ना! आणि रस्त्यावर तर थोरली अजून वीस-बावीस वर्षं धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली होती, वीस वर्षांची मुदत भरली तेव्हाच ती थांबली. त्या दिवसांत ११८ एनई बघायची तर व्हिंटेज रॅलीत जावं लागत होतं.

असं का झालं? लोक पटकन उत्तर देतात, मारुती आली. खरं आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि बाजार उलटापालटा झाला. स्वस्त, हलकी, पेट्रोल कमी पिणारी. ११८ एनई दोन वर्षं उशिरा आली, आणि आली तेव्हाच तिचं डिझाइन एकोणीस वर्षांचं होतं. इटलीत तर १२४ बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. नवं म्हणून आपल्याला जे दिलं गेलं ते दुसऱ्याचं उतरवलेलं होतं.

पण एवढंच कारण असतं तर पद्मिनी आधी मरायला हवी होती. ती तर त्याहून जुनी. आणि दुसरी गोष्ट ऐका. हीच फियाट १२४ सोव्हिएत रशियाने घेतली. व्होल्गा नदीकाठच्या तोल्यात्ती शहरात कारखाना उभारला, १९७० पासून 'लाडा' म्हणून बनवायला सुरुवात केली. घेतली तशी चालवली नाही. तिथल्या खराब रस्त्यांसाठी पत्रा जाड केला, सस्पेन्शन मजबूत केलं, मागचे डिस्क ब्रेक चिखलात टिकत नाहीत म्हणून ड्रम लावले, बॅटरी थंडीत मेली तर हँडल मारून चालू करायची सोयसुद्धा ठेवली. त्याच गाडीची पिलावळ तिथे २०१२ पर्यंत बनत होती. एकच इटालियन गाडी. तिकडे सामान्य माणसाची झाली आणि चाळीस वर्षं टिकली, इकडे साहेबाची झाली आणि पंधरा वर्षांत संपली.

म्हणजे दोष गाडीचा नव्हता. गाडी कुणाच्या हातात दिली, याचा होता.

घाटकोपर पश्चिमेला एक जुने मिस्त्री आहेत, वय सत्तरीपुढचं. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांना मी विचारलं, काका, दोन्हीत फरक काय? ते म्हणाले, "फियाट आवाजावरून कळायची. लांबून येताना ऐकू आलं की मी पान्याचा नंबर काढून ठेवायचो. एनई चांगली होती हो, पण ती साहेबाची गाडी. साहेब कंपनीत पाठवायचा. आमच्या हाताखाली आलीच नाही, तर आम्ही शिकणार कशावर?"

याहून चांगलं विश्लेषण मला कुठल्याही ऑटो मासिकात मिळालेलं नाही.

पद्मिनी टिकली ती अंधेरी स्टेशनबाहेर, घाटकोपरच्या गल्लीत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जिथे पोरगा बारा वर्षांचा असताना हातात पाना धरायचा आणि वीसचा होईपर्यंत इंजिन उतरवायचा. (बालमजुरीचं समर्थन नाही, होतं ते सांगतोय.) पार्ट कोपऱ्यावर मिळायचा, नाही मिळाला तर लेथवर बनवून घ्यायचे. सीएनजी आला तेव्हा त्या म्हाताऱ्या इंजिनावर सीएनजीचं किटही याच लोकांनी बसवलं आणि चालवून दाखवलं. टॅक्सीवाल्याला गाडी बंद पडली तरी संध्याकाळपर्यंत धंदा सुरू व्हायला हवा असतो. त्याने बावन्न हॉर्सपॉवर बघितली नाही, दुरुस्तीला किती वेळ जाईल ते बघितलं. आपल्या उपनगरात रिक्षांचं राज्य, पण रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे जात नाही. आजारी आईला मुलुंडहून परळला न्यायचं, लग्नाचं सामान बोरिवलीहून गिरगावात न्यायचं, तर टॅक्सीच. ती वेळेवर उभी असायची यामागे या मिस्त्रींचा मोठा हात होता, आणि त्यांचा सत्कार कधी कुणी केला नाही.

आता आजचं बोलू, कारण मी हे लिहितोय ते आजसाठी.

गेल्या वर्षी माझ्या साध्या हॅचबॅकच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडी व्यवस्थित चालत होती. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "दादा, सेन्सर असेल, पण मशीन लावल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते कंपनीकडेच." कंपनीच्या सेंटरला तीन दिवस गाडी, सेन्सर बदलला, बिल हातात. दिवा दहा दिवसांनी परत लागला. तक्रार केली तर उत्तर, आता अख्खं युनिट बदलावं लागेल. मी विचारलं, जुन्यात नेमकं काय बिघडलंय? समोरच्या मुलाला माहीत नव्हतं. त्याची चूक नाही, त्याला तेवढंच शिकवलंय.

हे फक्त माझ्या गाडीचं नाही. शहरभर नवी मॉडेलं येतायत. इलेक्ट्रिक बस, इलेक्ट्रिक टॅक्सी, इलेक्ट्रिक रिक्षा. यायलाच हव्यात. आपल्या मुलांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे, पद्मिनीचा धूर परत आणा म्हणणाऱ्यातला मी नाही. पण नवं यंत्र आणताना ते हाताळणारी माणसं तयार करायची असतात, हे आपण ११८ एनईच्या वेळी शिकलो नाही आणि अजूनही शिकत नाही.

९ डिसेंबर २०२४ ची रात्र आठवा. कुर्ला पश्चिमेला, एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टसाठी भाडेतत्त्वावर चालणारी इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. आपल्यातलीच माणसं गेली, कित्येक जखमी झाले. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल, मी ठरवणार नाही. पण त्या रात्रीनंतर सगळ्या शहरात एकच प्रश्न विचारला जात होता, या नव्या बस चालवायचं प्रशिक्षण ड्रायव्हरना किती दिवस मिळतं? हा प्रश्न अपघाताच्या आधी विचारायला हवा होता. नवीन मॉडेलची फीत कापताना सगळे पुढे असतात. ड्रायव्हर आणि मिस्त्री किती तयार आहेत, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या. आमदार, नगरसेवक, जे कुणी हे वाचत असतील त्यांनी नोंद घ्यावी.

एक. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. छान. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. जी गाडी सार्वजनिक परमिटवर धावते, मग ती टॅक्सी असो, रिक्षा असो की बस, तिची दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला वाजवी दरात मिळालीच पाहिजेत. परमिट देताना ही अट घाला.

दोन. मुलुंड आणि बोरिवलीला सरकारी आयटीआय आहेत. आपल्या नाक्यांवर काम करणाऱ्या, सर्टिफिकेट नसलेल्या पण हात बसलेल्या मिस्त्रींसाठी तिथे संध्याकाळचे वर्ग सुरू करा. बॅटरी, मोटर, सेन्सर शिकवा. त्यांना शिकायचंय, मी बोललोय त्यांच्याशी. दिवसाची मजुरी बुडवून ते येऊ शकत नाहीत, एवढीच अडचण आहे.

तीन. टॅक्सी युनियनने सरकारकडे मागणी केली होती की एक तरी पद्मिनी जपून ठेवा. त्या मागणीला माझा पाठिंबा, पण एक दुरुस्ती सुचवतो. ठेवायची तर दक्षिण मुंबईत नको, कुर्ल्यात ठेवा, जिथे ती बनली. कारखाना गेला, आज 'प्रीमियर रोड' हे नाव तेवढं उरलंय, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या नव्या पोरांना ते नाव कशावरून पडलं हेही माहीत नसतं. आणि तिच्या शेजारी एक ११८ एनई उभी करा. पाटीवर दोघींची माहिती लिहा, कुर्ल्याच्या कामगारांबद्दलही लिहा.

तुमच्यापैकी कुणाच्या घरचं माणूस प्रीमियरमध्ये कामाला होतं का? किंवा कुणाकडे ११८ एनई होती का? असेल तर लिहा, फोटो असेल तर टाका. पद्मिनीचे नकोत, ते भरपूर आहेत.