कोलकात्याची ट्राम आणि कागदावरची मेट्रोलाइट

केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’ची मानके प्रसिद्ध केली. गर्दीच्या तासाला एका दिशेने १५,००० पर्यंत प्रवासी असलेल्या मार्गांसाठी जमिनीवरून, विजेवर धावणारी हलकी रेल्वे, असे तिचे स्वरूप. रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर. कोलकात्याच्या ट्रामच्या रुळांची रुंदीही नेमकी तेवढीच आहे. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने मैदान ते एस्प्लनेड हा वारसामार्ग वगळता ही ट्राम बंद करण्याचा मानस जाहीर केला. कारण दिले गेले ते संथ गतीचे आणि वाहतूक कोंडीचे.

या कारणाची भौतिकशास्त्राच्या अंगाने तपासणी करण्यासारखी आहे. पोलादी रुळावर पोलादी चाकाचा लोटन-विरोध गुणांक ढोबळमानाने ०.००२, तर डांबरी रस्त्यावर रबरी टायरचा ०.०१ च्या आसपास. २० टनांचे वाहन धरल्यास विरोध अनुक्रमे सुमारे ४०० आणि २,००० न्यूटन. मात्र ट्रामचे समर्थक इथेच थांबतात, आणि ते योग्य नव्हे. हेच वाहन ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना त्यात सुमारे ३०० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. पुनर्प्राप्तीची सोय नसेल, तर प्रत्येक थांब्याला ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. रुळावर जवळपास ८०० मीटर जाण्यास पुरेल एवढी ही ऊर्जा! म्हणजे मोटारींच्या गर्दीत पावलोपावली अडणारी ट्राम आपला मुख्य लाभ स्वतःच गमावते. रुळांचे गणित जुळते ते मार्ग मोकळा असेल तरच. मेट्रोलाइटच्या मानकांत स्वतंत्र मार्गाची अट आहे, ती उगाच नव्हे.

कोलकात्यात असे राखीव मार्ग होते. गेल्या काही दशकांत अनेक रस्त्यांवरील ते मोडून मोटारींना खुले केले गेले, आणि मग त्याच मोटारींत अडकलेल्या ट्रामला संथ ठरवण्यात आले. याला निदान म्हणवत नाही. शहरातील रस्ते अरुंद आहेत, हा पोलिसांचा आक्षेप खराच. पण अरुंद रस्त्यावर जागा कोणाला द्यायची हा प्रश्न त्यामुळे अधिकच तीव्र होतो, सुटत नाही.

मद्रासने १९५३ मध्ये, दिल्लीने १९६३ मध्ये आणि मुंबईने ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम थांबवली. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढली गेलेली आणि १९०२ पासून विजेवर चाललेली कोलकात्याची ट्राम तेवढी उरली.

उरलेल्यांपैकी एखादा मार्ग सहा महिने मोटारींपासून मुक्त ठेवावा. त्या मार्गिकेतून ताशी किती माणसे जातात आणि शेजारच्या मोटारींच्या मार्गिकेतून किती, हे मोजून आकडे जाहीर करावेत. रुळांवर डांबर ओतण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.