शेवटचे कडवे

आमच्या घरी दोन वर्षांपासून एक रॉकवेडा मुक्कामाला आहे. आमच्या बहिणीचा मुलगा. आयटीआयसाठी कळंब तालुक्यातून धाराशिवला आला आणि आमच्याकडेच राहिला. सकाळी आयटीआय, संध्याकाळी चार तास झेरॉक्सच्या दुकानात काम, आणि उरलेल्या वेळात कानाला हेडफोन. दुकानाच्या पगारातून पैसे साठवून त्याने सोलापूरहून एक जुनी गिटार आणली. घरात जागा नाही म्हणून ती धान्याच्या कोठीवर झोपते. जेवायला ये म्हणून मामीने तीन हाका मारल्या तरी साहेबांना ऐकू जात नाही. चौथ्या हाकेला मामी उठते आणि हेडफोन काढून घेते. असा आमचा नित्याचा संसार आहे.

गुरुवारी रात्री मात्र हा पोरगा बाराचे ठोके पडेपर्यंत जागा असतो. चौकशी केली तेव्हा कळले, की जगभरच्या नव्या रेकॉर्ड आता शुक्रवारी बाहेर पडतात. २०१५ सालच्या जुलैपासून तसा रिवाजच पडला आहे. आम्हाला हसू आले आणि आमचे लहानपणही आठवले. आम्हीही १४ एप्रिलच्या आधी पंधरा दिवस कॅसेटच्या दुकानासमोर अशाच चकरा मारत होतो. प्रल्हाद शिंदे यांची नवी कॅसेट आली का? आनंद-मिलिंद यांची आली का? वडील एक कॅसेट घेऊन देत आणि ती पुढची जयंती येईपर्यंत पुरवावी लागे. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची, तुटली की चिकटपट्टी लावायची. मग हा पोरगा वेडा आणि आम्ही शहाणे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

त्याची एक सवय आम्हाला आधी चमत्कारिक वाटायची. नवी रेकॉर्ड आली की पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत तो क्रमाने ऐकतो. मधले काही गाळत नाही. ऐकून झाले की वहीत लिहितो. गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, ड्रम कोणी वाजवला, कोणत्या गावी ध्वनिमुद्रण झाले. पुढे आपले मत, “आधीच्या रेकॉर्डपेक्षा ही कच्ची आहे” किंवा “सहावं गाणं लई भारी.” आम्ही एकदा चेष्टा केली, “अरे, याची परीक्षा आहे का तुझी?” तो म्हणाला, “मामा, गाणं ऐकलं आन् कुणी केलं तेच माहीत नाही, तर मग ऐकलं काय?”

हे वाक्य आम्ही तेव्हा कानाआड केले. पुढे जयंतीच्या वेळी ते आमच्यापुढे परत उभे राहिले.

झाले असे, की मार्च महिन्यात विहारात जयंतीची बैठक भरली. मंडळाचे हिशोब आम्ही लिहितो. वर्गणी देणारे कोण, तर हमाल, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली कुटुंबे. त्या वर्गणीतला निम्म्याहून जास्त पैसा दरवर्षी डीजे, जनरेटर आणि गाडीभाडे यांत जातो. यंदाही तसाच अंदाज मांडला गेला. तेवढ्यात आमचा भाचा मागून उठला आणि म्हणाला, “मला धा मिनटं द्या. वामनदादांचं एक गाणं गिटारीवर म्हणतो.”

बैठकीत कुजबुज झाली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “हे गोऱ्यांचं खूळ बाबासाहेबांच्या जयंतीत कशाला?” खरे सांगायचे तर आम्हालाही मनातून तेच वाटले. आम्ही गप्प बसलो. पोरगाही गप्प बसला.

घरी आल्यावर त्याने वही काढली. म्हणाला, “गोऱ्यांचं खूळ म्हणायलेत. बघा, कुणाचं हाय ते.”

वाचक हो, त्या रात्री आम्हाला जे कळले ते थोडक्यात सांगतो. रॉक हे मुळात अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे देणे आहे. ज्यांचे आजे-पणजे गुलाम म्हणून राबले, त्या कापसाच्या मळ्यांतल्या मजुरांनी आपले दुःख गाण्यात मांडले, त्याला ब्ल्यूज म्हणतात. मडी वॉटर्स हा असाच मिसिसिपी राज्यातल्या एका मळ्यावर काम करणारा माणूस. १९४१ च्या ऑगस्टमध्ये लोकगीते गोळा करणारे संशोधक त्याच्याकडे आले आणि त्याचा आवाज पहिल्यांदा मुद्रित झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. इकडे आपली माणसे गावकीच्या जोखडातून मान काढू पाहत होती, तिकडे तो मळा सोडू पाहत होता. १९४३ साली तो शिकागो शहरात गेला. कारखान्यांच्या त्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. त्याच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून पुढे इंग्लंडमधल्या गोऱ्या पोरांनी आपल्या बँडचे नाव ठेवले, रोलिंग स्टोन्स. नाव जगभर गाजले ते त्या पोरांचे.

दुसरी गोष्ट सिस्टर रोझेटा थार्प या काळ्या गायिकेची. तिचा जन्म १९१५ चा, गावाचे नाव कॉटन प्लँट. म्हणजे गावाच्या नावातच पऱ्हाटी! चर्चमधली भजने ती विजेच्या गिटारीवर अशी काही गायची, की १९४४ साली मुद्रित झालेल्या तिच्या एका गाण्याला पुष्कळ जाणकार रॉकची सुरुवात मानतात. १९७३ साली ती गेली. त्यानंतर कित्येक वर्षे तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. रॉकच्या सन्मान दालनात तिला जागा मिळाली ती २०१८ साली, म्हणजे मरणानंतर ४५ वर्षांनी. ज्यांनी घडवले त्यांची नावे पुसायची, ही रीत आपल्याला काही नवीन नाही.

राहिला प्रश्न परक्या वाद्याचा. आपल्या गायन पार्ट्यांची पेटी मूळची युरोपातली. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. मिरवणुकीत वाजणारा आपला लाडका बेंजो जपानच्या ताइशोगोतो या वाद्यावरून आला. आपण त्यांच्यावर भीमगीते वाजवली आणि ती वाद्ये आपली झाली. मग गिटारीनेच काय घोडे मारले? मुंबईत कबीर शाक्य यांनी २०११ च्या सुमारास धम्मा विंग्ज हा बौद्ध तरुणांचा रॉक बँड उभा केला. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१७ साली कास्टलेस कलेक्टिव्ह हा १९ जणांचा संच तयार झाला. त्यांनी पराई, म्हणजे गावात ज्याला अस्पृश्यांचे वाद्य म्हणून हिणवत ते चामड्याचे वाद्य, गिटारीच्या शेजारी सन्मानाने ठेवले. आपल्या हलगीचा जो इतिहास तोच तिचा.

आमचे मन बदलले. पण खरा धक्का पुढेच होता.

भाच्याने निवडलेले गाणे त्याला पूर्ण मिळेना. मोबाइलवर त्या गाण्याचे रिमिक्स दहा-बारा सापडले. सगळ्यांत ध्रुवपद आणि पहिले कडवे, मग नुसता दणदणाट, पुन्हा ध्रुवपद आणि संपले. पोरगा विचारू लागला, “मामा, पुढचं कुठं गेलं? आन् लिवणाऱ्याचं नाव कुठंच नाही.”

आम्ही ट्रंकेतली जुनी कॅसेट काढली. फितीला बुरशी आलेली. शेवटी वस्तीतल्या एका आजींकडे गेलो. त्या निरक्षर आहेत, ऐंशीच्या घरात आहेत. नातवाला डोके धरायला लावून तेल चोळून घेत होत्या. भाच्याने पहिली ओळ म्हटली आणि आजींनी तिथून सगळे गाणे म्हणून दाखवले, एकही कडवे न चुकता. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी हात जोडले. आम्हाला म्हणाल्या, “हितं दादाचं नाव हाय बाबा. हितं थांबावं लागतं.”

वाचक हो, आमच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. चोखोबांनी तेच केले, कबीरांनी तेच केले. छापखाना नव्हता, कागद नव्हता, म्हणून कवीने आपली सही गाण्याच्या पोटात ठेवली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला आणि खेड्यापाड्यांत पायपीट करून बाबासाहेब पोहोचवत राहिला. त्याची सही कोणत्या कडव्यात? शेवटच्या. आणि डीजे कापतो कोणते कडवे? शेवटचे! आपल्याच वर्गणीतून, आपल्याच जयंतीत, आपल्याच कवीचे नाव आपण पुसतो आणि त्यावर नाचतो.

आम्ही कारकून माणूस, म्हणून कायदाही पाहिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे कवीने हक्क विकले असले, तरी आपल्या रचनेला आपले नाव लावून घेण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. मृत्यूनंतर ६० वर्षे रचनेवरचा हक्क चालतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे हा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. २०१२ सालच्या दुरुस्तीने गीतकाराच्या मानधनातल्या वाट्याला आणखी संरक्षण दिले. कायदा लिहिणाऱ्याच्या बाजूला आहे. ऐकणारा आहे का, हा प्रश्न आहे.

नाव जपता येते, याचेही उदाहरण शेजारीच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या भगिनींकडून त्यांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या मुद्रित करून घेतल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने हा ठेवा लोकांसमोर आणला. तिथे ओवीसोबत बाईचे नाव आहे, गाव आहे. दळणारीचे नाव राहू शकते, मग भीमगीत लिहिणाऱ्याचे का नाही?

हे सगळे आम्ही दुसऱ्या बैठकीत मांडले. पहिल्या बैठकीत गप्प बसल्याची कबुलीही दिली. वाद झाला. तरुणांनी डीजे सोडायला नकार दिला, तोही आम्ही समजू शकतो. वर्षभर मान खाली घालून राबणाऱ्या पोराला एक दिवस मोकळे नाचावेसे वाटले, तर तो गुन्हा नाही. अखेर डीजेचे दोन तास कमी झाले आणि भाच्याला पंधरा मिनिटे मिळाली.

जयंतीच्या आदल्या रात्री विहाराच्या अंगणात तो उभा राहिला. वायरिंग त्याने स्वतः जोडली होती. दुसऱ्या कडव्यात गिटारीचा सूर उतरला. मागून दोन-तीन पोरे “डीजे लावा” म्हणून ओरडली. त्याने गाणे सोडले नाही. शेवटच्या कडव्याला गिटार थांबवून माईक आजींच्या हातात दिला. आजी थरथरत्या आवाजात गायल्या, ‘वामन’ म्हणाल्या आणि थांबल्या. ओरडणारी पोरेही थांबली. ज्येष्ठ कार्यकर्त्यांना गिटार अजून आवडलेली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला विचारले, “तुझ्या त्या वहीत आपली गाणी लिहिशील का?”

आता वहीचा मागचा अर्धा भाग भीमगीतांना दिला आहे. रविवारी तो आजींकडे जातो आणि एकेक गाणे शेवटच्या कडव्यासकट उतरवून आणतो. आणि आम्ही मंडळाच्या खातेवहीत एक नवे खाते उघडले आहे, ‘कवी व गायक मानधन’. रक्कम लहान आहे, पण खाते उघडले हे महत्त्वाचे.

बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातही असा एखादा कानात बोंडे घालून बसणारा पोरगा किंवा पोरगी असेल. रागावण्याआधी एकदा त्याला विचारा, “काय ऐकतोस? कोणी लिहिलंय?” उत्तर आले, तर त्याच्या हाती घरातल्या म्हाताऱ्या माणसाची गाणी द्या. उत्तर आले नाही, तर नाव शोधायला सांगा. जयंतीत वाद्य कोणतेही वाजो. कवीचे नाव माईकवरून सांगा आणि गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत जाऊ द्या. आजी म्हणतात तसे, तिथे दादाचे नाव आहे. तिथे थांबावे लागते.

जयभीम!