यंत्राला अट हवी

दसरा-दिवाळी जवळ आली की वर्धा शहरातील मजुरांच्या ठिय्यावर कुंचले, रोलर आणि रंगाने माखलेले डबे घेऊन उभे राहिलेले रंगारी सकाळीच दिसू लागतात. घराघरांतून बोलावणे येते ते याच दिवसांत, आणि या दिवसांच्या मिळकतीवर कित्येक कुटुंबांचा केवळ सणच नव्हे, तर पुढील मंदीचा काळही निभावावयाचा असतो. या ठिय्यावर आता एक नवी चिंता येऊन उभी राहिली आहे. खोलीच्या भिंती माणसाचा हात न लागता रंगविणारे यंत्र ही आज केवळ कल्पना राहिलेली नाही.

सिंगापूरच्या नानयांग तांत्रिक विद्यापीठाने २०१६ साली असा एक यंत्रमानव लोकांपुढे मांडला. चीनमधील एका मोठ्या गृहबांधणी कंपनीने तर २०१८ साली बांधकामाच्या यंत्रमानवांसाठी स्वतंत्र संस्थाच काढली. चाकांच्या गाड्यावर बसविलेला हा यांत्रिक हात प्रथम खोलीचे मोजमाप घेतो, मग भिंतीपासून ठरावीक अंतर राखून दाबाने रंग फवारीत जातो. तो थकत नाही, त्याची मान दुखत नाही आणि थर सर्वत्र सारखा पडतो. कोपरे, खिडक्यांच्या कडा, ओल धरून फुगलेली पुट्टी यांपुढे मात्र त्याला अजूनही माणसाची मदत घ्यावीच लागते.

म्हणून हे यंत्र उद्या सकाळी आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या जुन्या वाड्यात शिरेल, असे आम्ही म्हणत नाही. एकसारख्या शेकडो खोल्यांच्या इमारती हेच त्याचे खरे क्षेत्र होय. परंतु वसतिगृहे, रुग्णालये आणि शासकीय वसाहती आपल्या जिल्ह्यातही बांधल्या जातात. आणि रंगाऱ्याला सलग काम मिळते ते अशाच ठिकाणी. पुट्टी घासण्याची आणि रंग फवारण्याची साधी यंत्रे तर मोठ्या कंत्राटदारांच्या हाती केव्हाच आली आहेत. तेव्हा विचार करावयाचा तो आताच.

यंत्र नकोच, अशी भूमिका घेणे सोपे आहे. पण ती रंगाऱ्याच्या हिताची नाही. कोरडी पुट्टी पॉलिश पेपरने दिवसभर घासणाऱ्या माणसाच्या श्वासाबरोबर किती धूळ आत जाते, हे ज्याने संध्याकाळी त्याचा पांढरा झालेला चेहरा पाहिला आहे त्यास सांगावयास नको. रंगकामाचा व्यवसाय माणसाला कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनेच दिला आहे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी; त्यापूर्वीचे थर मात्र जुन्या भिंतींवर तसेच आहेत, आणि ते खरवडतो तो रंगारीच. घोडीवरून पडून हातपाय मोडणाराही तोच. ही धूळ आणि हा धोका यंत्राने जरूर उचलावा. प्रश्न एवढाच की, धुळीबरोबर ते भाकरीही उचलून नेणार काय?

येथे कायद्यातील एका विसंगतीकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकामखर्चावर उपकर घेण्याची व्यवस्था १९९६ च्या केंद्रीय कायद्याने सुरू झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. उपकर बसतो खर्चावर, माणसांच्या संख्येवर नव्हे. लाभार्थी होण्यासाठी मात्र मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केलेले असावे लागते. म्हणजे यंत्राने रंगविलेल्या इमारतीचा पैसा निधीत येत राहील. पण त्याच यंत्रामुळे ज्याचे नव्वद दिवस भरले नाहीत, तो रंगारी त्या निधीच्या दाराबाहेर राहील. संकट येताच मदत बंद व्हावी, याहून उफराटा न्याय कोणता?

वर्ध्याने या प्रश्नाकडे पाहताना आपला वारसा विसरू नये. गांधीजी यंत्राचे शत्रू होते हा समज अपुरा आहे. शिवणयंत्राचा त्यांनी १९२४ साली अपवाद म्हणून गौरवच केला होता. १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस लावले, तेव्हा यंत्राला अटी घातल्या: ते साध्या झोपडीत चालावे, बाईमाणसाला फार श्रम न पडता आठ तास चालविता यावे, आणि त्याची किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. यंत्र माणसाच्या मुठीत राहावे, हाच या अटींचा अर्थ. ज्या मगनवाडीत कुमारप्पांनी ग्रामोद्योग संघाचा संसार मांडला, तेथेच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. रंगाऱ्यास परवडणारे, धूळ शोषून घेणारे घासणीयंत्र सिद्ध करण्याचे काम तिने हाती घ्यावे, हे तिच्या नावास साजेसेच होईल.

शासनानेही तीन गोष्टी कराव्यात. उपकराच्या निधीतून रंगाऱ्यांच्या सहकारी संस्थांना यंत्रे द्यावीत, म्हणजे यंत्राचा मालक आणि कामगार एकच राहील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ती चालविण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण ठिय्यावरच्या माणसांस, रोजी बुडू न देता, मिळावे. आणि यंत्रामुळे ज्यांचे काम घटले, त्यांच्यासाठी नव्वद दिवसांची अट शिथिल करावी.

भिंत कोणी रंगविली हे घरात राहावयास येणारा विचारीत नाही. समाजाने मात्र ते विचारलेच पाहिजे. यंत्र येणार, हे निश्चित. ते कोणाच्या अटीवर येणार, एवढेच ठरावयाचे आहे, आणि ते यंत्र दारात येण्यापूर्वीच ठरले पाहिजे.